बंबापासून सोलरपर्यंत : आपल्या गरम पाण्याचा इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'सोसायटीचा इतिहास' लिहा, असं चिटणीसांनी मला सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे नोंदणी, कन्व्हेयन्स, पहिली कमिटी आणि गणपतीचे कार्यक्रम असणार. ते सगळं या अंकात इतरत्र आलेलंच आहे. मी मात्र एका वेगळ्या गोष्टीचा इतिहास लिहायचं ठरवलं. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या सभांमध्ये सर्वात जास्त आवाज कशावरून चढले असतील, तर पार्किंगच्या खालोखाल गरम पाण्यावरून. आणि २०२४ साली गच्चीवरचं जुनं सोलर काढून नवं बसवताना 'केवढं घ्यायचं' या एका प्रश्नावर आपण जवळजवळ वर्षभर भांडलो. ते भांडण तसं जुनंच आहे. मी ते पहिल्यांदा आमच्या आजीच्या न्हाणीघरात ऐकलं.

आमचं बिऱ्हाड नारायण पेठेतल्या एका वाड्यात होतं. घरात अकरा माणसं. न्हाणीघराच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब. हल्लीच्या मुलांनी बंब पाहिला तर आगीच्या गाडीशी त्याचा काय संबंध, असं विचारतात, म्हणून थोडं सांगतो. बंब म्हणजे तांब्याचं उभं पिंप, आणि त्याच्या बरोब्बर मधून खालपासून वरपर्यंत गेलेली एक नळी. नळीच्या बुडाशी जाळी. वरून जळण टाकायचं, राख खाली पडायची, धूर नळीतून वर जायचा आणि नळीभोवतीचं पाणी तापायचं. वरच्या नरसाळ्यातून एक तांब्या थंड पाणी ओतलं, की ते बुडाशी जायचं आणि तेवढंच गरम पाणी वरच्या तोटीतून बादलीत यायचं. म्हणजे थंड घातल्याशिवाय गरम मिळायचं नाही. घेतलं तेवढं भरा, हा नियम त्या भांड्यातच घडवलेला होता. (आपल्या गच्चीवरची टाकी याच तत्त्वावर चालते, फक्त तिथे भरण्याचं काम बॉलकॉक करतो, त्यामुळे किती घेतलं ते कुणाला कळत नाही. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा आहे.)

जळण म्हणजे वखारीतली लाकडं, पण ती महाग. म्हणून करवंट्या, गोवऱ्या, लाकडाच्या ढलप्या, जुने खोके, जे हाताला येईल ते. अंघोळीचा क्रम ठरलेला असे. आधी आजोबा, मग कचेरीला जाणारे, मग शाळेची मुलं, मग बायका. आई सगळ्यात शेवटी. तिची पाळी येईपर्यंत विस्तव निवालेला असायचा. तिला कधी कढत पाण्याने अंघोळ मिळाली असेल तर ती नरकचतुर्दशीच्या पहाटे. आदल्या संध्याकाळी बंब चिंचेने घासून लखलखीत करायचा, त्याला झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू वाहायचं, पाणी भरून ठेवायचं. त्या एका दिवशी जळणाचा हिशेब कुणी विचारत नसे.

बंब विकत घ्यायचे ते कसब्यातल्या तांबट आळीतून. पेशवाईपासून तिथे तांब्याची भांडी ठोकून घडवणारे कारागीर आहेत, आजही त्या गल्लीत हातोड्यांचा आवाज ऐकू येतो. भांडं वजनावर विकलं जायचं. त्यामुळे बंब मोठा घ्यायचा की बेताचा, हा सरळ पैशाचा प्रश्न होता आणि तो कारागीर विचारायचाच, घरात माणसं किती. आमच्या पणजोबांनी 'अकरा' असं उत्तर दिलं असणार.

१२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत फुटलं, त्याच दिवशी खडकवासलाही गेलं, आणि नदीकाठच्या पेठांचं काय झालं ते पुण्यात सांगायला नको. मी तेव्हा आठ वर्षांचा. पाणी ओसरल्यावर वडिलांना वाड्याच्या जागी भिंतीचे तुकडे आणि कमरेएवढा गाळ सापडला. त्या गाळातून जे थोडं निघालं, त्यात बंब होता. एका बाजूला चेपलेला, पण शाबूत.

पुढे पूरग्रस्तांसाठी वसाहती उभ्या राहिल्या. आम्ही गोखलेनगरला दोन खोल्यांत आलो. काका दुसरीकडे गेले, आत्याचं लग्न झालं, आजोबा पुराच्या वर्षीच वारले. आई, वडील, आजी आणि मी, एवढेच राहिलो. पण बंब तोच. चौघांच्या अंघोळीला अकरा जणांचं जळण लागायचं. कारण भांडं मोठं असलं की आतलं सगळंच पाणी तापवावं लागतं, तुम्हाला हवं असो वा नसो. उरलेलं गरम पाणी दुपारपर्यंत गार होऊन जायचं. वडील दर महिन्याला म्हणायचे, हा मोडीत घालू आणि लहान आणू. आजी म्हणायची, 'उद्या सगळे परत एकत्र आले तर?' सात वर्षं हे चाललं. कुणी परत एकत्र आलं नाही. १९६८ च्या दिवाळीआधी वडील आजीला घेऊनच तांबट आळीत गेले. तिच्यासमोर जुना बंब तराजूत घातला गेला. लहान बंब घेऊन ती घरी आली आणि त्या वर्षी तिने त्याला झेंडूची माळ घातली नाही.

त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं मी भराभर सांगतो, कारण ती बहुतेक घरांत सारखीच आहेत. बंबाच्या जागी स्टो, मग गॅसवर पातेलं, मग बादलीत सोडायची हीटरची कांडी. या कांडीने किती जणांना शॉक दिला, त्याची मोजदाद नाही. मग भिंतीवरचा गिझर. ज्यांनी गॅसगिझर बसवले त्यांना एक गोष्ट अजूनही सांगावीशी वाटते. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि त्याने माणसं गेलेली आहेत. खिडकी उघडी ठेवा. आपल्या दोन फ्लॅटमध्ये तो अजून आहे.

आपली सोसायटी २००० साली कोथरूडला नोंदली गेली तेव्हा प्रत्येक घरात वीजगिझर होता. खाली पार्किंग, वर चार मजले, दोन विंग, बत्तीस फ्लॅट. २००५-०६ च्या सुमारास महाराष्ट्रात भारनियमन सुरू झालं. सकाळी वीज गेली की बत्तीस घरं एकदम गार. त्याच सुमारास शहरभर गच्च्यांवर सोलरच्या काचा दिसायला लागल्या होत्या. महापालिकेने सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक केलं तर सर्वसाधारण करात ५ टक्के, दोन केली तर १० टक्के सवलत देऊ केली होती. पुणेकराला सूर्यापेक्षा घरपट्टीतली सवलत लवकर दिसते, हे मी स्वतःवरूनच सांगतो. २००६ च्या सभेत ठराव एकमताने झाला. आपल्या सोसायटीत एकमताने झालेला तो बहुधा शेवटचा ठराव.

त्या वेळी माप कसं ठरलं? अगदी सोपं होतं. बत्तीस फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी पंचवीस लिटर, म्हणजे फ्लॅटला शंभर लिटर. प्रत्येक विंगला १६०० लिटरची टाकी. शंभर लिटरला साधारण दोन चौरस मीटर कलेक्टर लागतो, म्हणून विंगला सोळा कलेक्टर. काळ्या पत्र्याला आतून तांब्याच्या नळ्या जोडलेल्या. म्हणजे तांबं गच्चीवर परत आलं, असं मी तेव्हा म्हणालो होतो. कुणी हसलं नाही. तेव्हाच्या सभासद रजिस्टरप्रमाणे आपण १२६ माणसं होतो, आणि मापात चूक काही नव्हती.

चूक व्हायला लागली ती हळूहळू. मुलं शिकून बंगळूरला, अमेरिकेला गेली. काही मंडळी आपल्याला सोडून गेली. पाच फ्लॅटना कुलूप लागलं. सहा भाड्याने गेले, त्यात आयटीतली तरुण मुलं, जी रात्री दहाला अंघोळ करतात. माणसं कमी झाली तर गरम पाणी उरायला हवं. झालं उलटंच. ए विंगमध्ये सकाळी साडेसातनंतर नळाला कोमट पाणी यायला लागलं. वरच्या मजल्यांना तरी मिळायचं, पहिल्या मजल्यावर तर एक अख्खी बादली गार पाणी सोडून द्यावी तेव्हा जरा ऊब लागे. त्यावरून 'वरचे लोक सगळं संपवतात' ही कुजबुज सुरू झाली आणि पुढे ती कुजबुज राहिली नाही. दोन घरांचं बोलणं बंद झालं, ते आजही पूर्ववत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये ए विंगमधल्या पहिल्या मजल्यावरच्या आजी गॅसवर तापवलेलं पातेलं बाथरूमकडे नेताना घसरल्या. पायावर कढत पाणी सांडलं. वय ८१. सहा आठवडे ड्रेसिंग चाललं. त्यांच्या घरचा गिझर कधीच काढून टाकला होता, सोलर आहे म्हणून. त्या कुणाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. मला मात्र रांगेत शेवटी उभी असलेली माझी आई आठवली.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत विषय आला. सोलर बसवणाऱ्या एका माणसाने गच्चीवर दहा मिनिटं फिरून सांगितलं, टाकी लहान पडतेय, विंगला अडीच हजार लिटर करा. सभेतल्या बहुतेकांना ते पटलं. मलाही पटलं होतं. पाणी पुरत नाही म्हणजे भांडं लहान, हे कुणालाही पटेल असंच आहे.

त्याच सुमारास माझी मुलगी इंग्लंडहून फोनवर सांगत होती. ती लीड्सला एका जुन्या घरात राहते. तिथे घर गरम ठेवायला आणि नळाला गरम पाणी द्यायला एकच गॅसचा बॉयलर असतो. तो बंद पडला. जावई म्हणाले, जुना जेवढा होता तेवढाच द्या. पण आलेल्या तंत्रज्ञाने जुन्या बॉयलरवरचा आकडा बघितलाच नाही. तो खोल्याखोल्यांतून फिरला, खिडक्या मोजल्या, छतात लोकरीचा थर घातलाय का ते पाहिलं, सकाळी एकाच वेळी किती शॉवर चालतात ते विचारलं. जुना बॉयलर बसला तेव्हा खिडक्यांना एकेरी काच होती आणि छत उघडं होतं. म्हणजे तो आकडा त्या वेळच्या घराचा होता. आता घर उबदार ठेवायला आठ किलोवॉट पुरत होते. मोठा बॉयलर लागत होता तो फक्त अंघोळीच्या पाण्यासाठी, आणि दोघांच्या घराला त्यातला सर्वात लहानही चालणार होता. अवाजवी मोठा घेतला तर तो सारखा चालू-बंद होत राहतो आणि लवकर झिजतो, असं त्याने सांगितलं.

मी फोन ठेवला आणि बी विंगमधल्या आपल्या निवृत्त इंजिनिअर काकांकडे गेलो. (स्वतःचं नाव छापू नका, अशी त्यांची अट आहे.) ते म्हणाले, 'आपण मोजलंच कुठे आहे?' डिसेंबरात त्यांनी पदरचे पैसे घालून दोन्ही टाक्यांकडे जाणाऱ्या थंड पाण्याच्या लाइनवर मीटर बसवले. जेवढं गरम पाणी खाली जाईल तेवढंच थंड पाणी टाकीत येणार, त्यामुळे वापर कळतो. बंबाचं नरसाळं परत बसवलं म्हणा. जानेवारी २०२४ मध्ये चौदा दिवस रोज नोंद घेतली, कारण माप थंडीतच घ्यायला हवं.

आता आकडे. तोपर्यंत दोन्ही विंगमध्ये बेचाळीस-बेचाळीस माणसं राहत होती, एकूण ८४. बी विंगचा वापर रोज सरासरी ७९० लिटर. ए विंगचा १४३०. माणसं तेवढीच, वापर जवळजवळ दुप्पट! सभेत हे सांगितलं असतं तर 'बघा, म्हटलं नव्हतं का' म्हणून वरच्या मजल्यांवर खापर फुटलं असतं. पण काका रात्री अकराला आणि पहाटे चारला उठून मीटर वाचत होते. त्या पाच तासांत, सगळे झोपलेले असताना, ए विंगमधून १२५ लिटर पाणी जात होतं. तासाला २५ लिटर, दिवसाला ६००.

प्लंबरने मागच्या डक्टमध्ये उतरून शोधलं. तिसऱ्या मजल्याच्या पातळीवर गरम पाण्याच्या जुन्या लोखंडी पाइपचा सांधा कुजला होता. बारीक धार डक्टच्या भिंतीवरून थेट खालच्या गटारात. किती वर्षं, देव जाणे. चौथ्या मजल्यावरच्या ज्या वहिनींना लोक बोलत होते, त्यांच्या घरी दोन माणसं आणि दोन बादल्या. सांधा बदलल्यावर ए विंगचा आकडा ८३० वर आला.

याचा हिशेबही जुळतो. थंडीत आपल्या टाकीतलं पाणी साधारण २० अंश असतं, सोलरचं ६०, अंघोळीला लागतं ४०. म्हणजे बादलीत निम्मं गरम, निम्मं थंड. वीस लिटरच्या दोन बादल्या धरल्या तर माणशी वीस लिटर गरम पाणी, बेचाळीस माणसांचं ८४०. एप्रिलमध्ये साधं पाणीच ३० अंशांच्या आसपास असतं, तेव्हा एक तृतीयांश गरम पुरतं, आणि निम्मे लोक तर तेही घेत नाहीत.

राहिला पहिल्या मजल्याचा प्रश्न. टाकीपासून तिथपर्यंत गच्चीवरचा वीस आणि खाली उतरणारा बारा, असा बत्तीस मीटर पाइप होतो. एक इंची पाइपात मीटरला अर्धा लिटर पाणी मावतं. म्हणजे सोळा लिटर गार झालेलं पाणी सोडल्याशिवाय गरम येणारच नाही, टाकी केवढीही असो. अडीच हजाराची टाकी बसवली असती तरी आजींना ती बादली सोडावीच लागली असती. त्यावर उपाय म्हणजे टाकीची जागा बदलून ती डक्टच्या डोक्याशी आणणं, पाइप बारीक करणं आणि त्याला जाड आवरण घालणं. आता पहिल्या मजल्यावर पाच-सहा लिटर सोडावे लागतात, आणि ते बहुतेक जण भांड्यात धरून झाडांना घालतात.

मोठी टाकी घेतली असती तर बिघडलं काय असतं, असं खजिनदारांनी विचारलं होतं, आणि प्रश्न रास्त होता. एक तर वजन. अडीच हजार लिटर म्हणजे अडीच टन नुसतं पाणी, पंचवीस वर्षांच्या स्लॅबवर. दुसरं म्हणजे, उन्हाळ्यात वापर नसताना कलेक्टर तापतच राहतात, पाणी ८०-९० अंशांवर जातं, आणि आपल्या बोअरच्या, टँकरच्या जड पाण्यातला क्षार तेवढ्या उष्णतेला झपाट्याने बसतो. ए विंगचे सोळापैकी चार कलेक्टर काढले तेव्हा त्यांच्या नळ्यांत पेन्सिलही जाईना. जुन्या मापापेक्षा मोठं घेऊन आपण तो त्रास विकत घेतला असता.

शेवटी विंगला हजार लिटर आणि दहा कलेक्टर ठरले. 'उद्या मुलं परत आली तर?' असं सभेत एका मावशींनी विचारलं, तेव्हा मी मान खाली घातली. मला उत्तर देता आलं नाही. काकांनी दिलं. ते म्हणाले, सुट्टीत आली तर दोनशे लिटर जास्तीचे ठेवलेच आहेत, आणि कायमची आली तर आणखी दोन कलेक्टर जोडायला टाकीवर जागा सोडली आहे.

विरोध झाला तो दुसऱ्याच कारणाने. आज ना उद्या बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार, मग खर्च कशाला? कोथरूडमध्ये या प्रश्नावर कुठलंही काम अडतं, रंगापासून लिफ्टपर्यंत. हिशेब असा मांडला. ८३० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला सुमारे ३८ युनिट लागतात. दोन विंगचे रोजचे पंचाहत्तर युनिट, थंडीतले सगळे महिने. साडेचार लाखांचा खर्च तीनेक वर्षांत निघतो, आणि रीडेव्हलपमेंटची पहिली बोलणी सुरू होऊन कुलूप लागेपर्यंत किती वर्षं जातात ते आपण शेजारच्या सोसायट्यांत पाहतोच आहोत. ठराव २३ विरुद्ध ६ असा झाला. बारा कलेक्टर कमी झाल्याने गच्चीची जी जागा मोकळी झाली, तिथे पीएम सूर्यघर योजनेतून पाच किलोवॉटची वीज बसवायचं चाललं आहे. सोसायट्यांना किलोवॉटमागे १८ हजार अनुदान आहे. लिफ्ट आणि पंप त्यावर चालतील. तो विषय पुढच्या कमिटीचा.

नवीन सोलर ऑक्टोबर २०२४ मध्ये, नरकचतुर्दशीच्या आठ दिवस आधी सुरू झालं. काकांनी मीटर काढून नेले नाहीत. वॉचमन रोज सकाळी सहाला आणि रात्री अकराला वहीत आकडा लिहितो. ती वही लिफ्टशेजारी टांगली आहे, कुणीही पाहावी. या जानेवारीतला ए विंगचा सर्वात मोठा आकडा १० तारखेचा आहे, ९१० लिटर. त्या दिवशी आजींची नातवंडं ह्यूस्टनहून आली होती.